गाडीतला दिवा दोन-तीन बटणांवर: व्हॅनच्या आतल्या वायरिंगचं काम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे पहाटे तीनला झेंडूचे क्रेट भरायला सुरुवात होते. सासवडजवळचं गाव. दिवे घाट उतरून उजाडायच्या आत पुण्याच्या मार्केट यार्डात पोचलं तर भाव, नाहीतर उरलेल्या गिऱ्हाइकाला वाटेल त्या दराने माल द्यायचा. दादा ओम्नीच्या मागच्या दाराशी उभा राहून मोबाइल दातांत धरायचा आणि त्या उजेडात क्रेट रचायचा. छतात दिवा होता, पण त्याचं बटण पुढच्या सीटच्या डोक्यावर. मागून दिवा लावायचा तर गाडीला वळसा घाला. निघताना विझवायला विसरलं तर घाटात समोरच्या काचेत गाडीच्या आतलंच प्रतिबिंब दिसत राहायचं आणि रस्ता दिसायचा नाही.

मग मी ठरवलं, मागच्या दिव्यांना दोन बटणं द्यायची: एक डॅशबोर्डवर, एक मागच्या दाराशी. शिवाय कुठलंही दार उघडलं की दिवे आपोआप लागले पाहिजेत. काम दोन रविवारांचं झालं आणि ते कसं केलं ते इथे सगळं मांडतो. ओम्नी १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. तिच्यात दिव्यांमागे संगणक नाही, म्हणून शिकायला ही गाडी फार चांगली. हेच काम जुनी जीप, बोलेरो, टेम्पो, कुठेही करता येतं. नव्या गाड्यांचं वेगळं, ते पुढे येईलच.

बटण प्लसला नाही, मायनसला आहे

घरात बटण फेजवर असतं. बटण बंद, की दिव्याकडे जाणारा करंट बंद. बऱ्याचशा गाड्यांच्या केबिन लाइटमध्ये याच्या उलट असतं. बॅटरीचा प्लस फ्यूजमधून थेट दिव्यापर्यंत कायम येऊन थांबलेला असतो. गाडीची पत्र्याची बॉडी म्हणजेच मायनस. दिव्याचा मायनस बॉडीला भिडवला की दिवा लागतो, तोडला की विझतो. दाराच्या चौकटीतलं ते छोटं दाबाचं बटण एवढंच काम करतं. दार बंद असताना ते आत दाबलेलं राहतं आणि वाट तुटलेली असते. दार उघडलं की बटण बाहेर येतं आणि आपल्याकडे आलेली एकुलती एक वायर बॉडीला जोडतं. त्याची दुसरी वायर नसतेच. बटण ज्या स्क्रूने पत्र्याला बसवलंय तो स्क्रूच त्याचा ‘अर्थ’, म्हणजे बॉडीशी होणारा मायनसचा जोड.

हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून इथे घाई करू नका. मायनसला बटण असण्याचा मोठा फायदा असा, की ती वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर फार तर दिवा लागून राहतो. प्लसची वायर घासली तर सरळ शॉर्ट होतो आणि फ्यूज नसेल तर वायर पेटते. आपण जेवढी लांबलचक नवी वायर गाडीभर फिरवणार आहोत, ती शक्य तितकी मायनसच्या बाजूची असू द्या.

काही गाड्यांत मात्र दाराचं बटण प्लस तोडतं. म्हणून आधी तपासा, मग कात्री लावा.

तपासणी

मल्टिमीटर हवाच, साधा चारपाचशे रुपयांचा पुरतो. छतातला दिवा काढा, त्यातला बल्ब काढून ठेवा. मीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवून काळी प्रोब बॉडीच्या उघड्या धातूला लावा आणि लाल प्रोबने दिव्याकडे आलेल्या वायरी एकेक तपासा. दारं बंद असोत की उघडी, ज्या वायरीवर कायम बारा व्होल्ट दिसतात ती प्लस. आता मीटर कंटिन्युइटीवर (वाट सलग असली की मीटर वाजतो, त्या खुणेवर) आणा आणि दुसरी वायर बॉडीशी तपासा. दार उघडल्यावर मीटर वाजला आणि बंद केल्यावर थांबला, तर ती दाराची वायर आणि तुमच्या गाडीत बटण मायनसला आहे. ही दुसरी तपासणी करण्याआधी त्या वायरीवर व्होल्टेज नाही ना हे बघून घ्या, कारण कंटिन्युइटीवर ठेवलेल्या मीटरला व्होल्टेज दिलं तर मीटर बिघडू शकतो. दार उघडल्यावर तिथे बारा व्होल्ट येत असतील तर तुमची गाडी प्लसवाली. मग खालची सगळी जोडणी प्लसच्या बाजूला करावी लागेल आणि फ्यूजचं महत्त्व दुप्पट होईल.

दिव्यावरच्या तीन घरांच्या बटणाचं कोडंही इथेच सुटतं. एका टोकाला बटण दिव्याचा मायनस थेट बॉडीला जोडतं, मधल्या घरात दाराच्या वायरीला, तिसऱ्यात कशालाच नाही. म्हणजे कंपनीच्या दिव्यालाही एकाहून जास्त बटणं असतातच, एक हाताचं आणि बाकी दारांची.

नव्या गाडीत दिवा हळूहळू मंद होत विझत असेल, किंवा चालू राहिला तर काही वेळाने आपोआप बंद होत असेल, तर त्यामागे संगणक आहे असं धरून चाला. त्या वायरीला फाटा मारू नका. संगणकाचा तो आउटपुट एखाद्या छोट्या दिव्यापुरता असतो, आणि मंद करण्यासाठी तो करंट क्षणाक्षणाला तोडत असतो, त्यामुळे तिथे लावलेला रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारं विजेचं बटण) घुंगरासारखा थरथरतो. वॉरंटी जाते ते वेगळंच. अशा गाडीत स्वतंत्र फ्यूज, स्वतंत्र दिवे, स्वतंत्र बटणं, आणि कंपनीच्या वायरिंगला हात नाही. पिवळ्या वेष्टनाच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका. छताच्या कडेने पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर तिच्यावरून वायर नेऊ नका, ती मागून न्या.

कुठली जोडणी कशासाठी

सगळ्यात सोपी म्हणजे सगळी बटणं समांतर. दिव्याच्या मायनसपासून एक वायर काढायची आणि ती प्रत्येक बटणाकडे न्यायची. प्रत्येक बटणाचं दुसरं टोक बॉडीला. कुठलंही एक बटण लागलं की दिवा लागतो. दारांची बटणं अशीच जोडलेली असतात आणि त्यांच्यासाठी हेच बरोबर आहे. हाताच्या बटणांना मात्र ही जोडणी पुरत नाही. मागून लावलेला दिवा पुढून विझवता येत नाही, कारण मागचं बटण अजून बॉडीला धरून बसलेलं असतं. आम्हाला तर नेमकं तेच हवं होतं.

त्यासाठी जिन्याची वायरिंग. खालच्या बटणाने दिवा लावून वर गेल्यावर वरच्या बटणाने विझवतो, तीच टू-वे जोडणी. प्रत्येक बटणाला तीन पिना: मधली कॉमन आणि दोन बाजूच्या. दिव्याचा मायनस पहिल्या बटणाच्या मधल्या पिनेला. पहिल्या बटणाच्या बाजूच्या दोन पिनांमधून दोन वायरी निघतात आणि दुसऱ्या बटणाच्या बाजूच्या दोन पिनांना जातात. दुसऱ्या बटणाची मधली पिन बॉडीला. दोन्ही बटणं एकाच वायरीकडे वळलेली असतील तर वाट पूर्ण, वेगवेगळ्या वायरींकडे असतील तर तुटलेली. म्हणून कुठलंही बटण हलवलं की दिव्याची अवस्था उलटते.

तिसऱ्या जागी तिसरं बटण हवं असेल, समजा मधल्या सीटपाशी, तर या दोन वायरींच्या मध्ये सहा पिनांचं डीपीडीटी बटण टाकायचं. पहिल्याकडून आलेल्या दोन वायरी त्याच्या मधल्या दोन पिनांना. वरच्या दोन पिनांमधून वायरी पुढच्या बटणाकडे. आणि वरच्या पिना खालच्या पिनांना तिरक्या जोडायच्या: वरची डावी खालच्या उजवीला, वरची उजवी खालच्या डावीला. बटण एका बाजूला असलं की वायरी सरळ जातात, दुसऱ्या बाजूला असलं की अदलाबदल होते. याच रीतीने चौथं, पाचवंही घालता येतं.

वायर वाचवायला काही जण प्रत्येक बटणावर एका बाजूला प्लस आणि दुसऱ्या बाजूला बॉडी देतात आणि दोन्ही बटणांच्या मधल्या पिना दिव्याच्या दोन टोकांना जोडतात. दिवा लागतो, म्हणून ते बरोबर वाटतं. हे करू नका. एकाच छोट्या बटणात प्लस आणि मायनस शेजारी शेजारी येतात आणि आतला संपर्क जळून वितळला की थेट शॉर्ट होतो. शिवाय एका वेळी दिव्याला प्लस उजवीकडून मिळतो, दुसऱ्या वेळी डावीकडून. साध्या बल्बला फरक पडत नाही, पण बऱ्याच एलईडी दिव्यांना उलटा करंट चालत नाही, मग ते चारातल्या एकाच स्थितीत लागतात आणि माणूस बटणाला दोष देत बसतो.

आमच्या गाडीत काय जोडलं

मी पुढचा जुना दिवा जसा होता तसाच ठेवला. मागे चार-चार वॉटचे तीन एलईडी दिवे बसवले, एक मधल्या सीटच्या वर आणि दोन मागच्या दाराच्या चौकटीजवळ. तिन्ही मिळून बारा वॉट, म्हणजे सुमारे एक अँपिअर.

तिन्ही दिव्यांचे प्लस लाल वायरीने फ्यूजला. तिन्ही मायनस एकत्र करून हिरवी वायर. ती डॅशबोर्डच्या टू-वे बटणाच्या मधल्या पिनेला. तिथून निळी आणि पांढरी मागच्या बटणापर्यंत, आणि मागच्या बटणाची मधली पिन काळ्या वायरीने जवळच्या बॉडीला. हा झाला जिना.

आता दारं. आमच्या सरकत्या दारांना आणि मागच्या दाराला बटणंच नव्हती, ती नवी बसवली आणि तिन्हींना एक तपकिरी वायर जोडली. ही तपकिरी वायर एका साध्या ऑन-ऑफ बटणातून हिरवीला मिळते. हे मधलं बटण आवर्जून घाला. दार उघडं असेपर्यंत दाराचं बटण दिव्याला सोडत नाही आणि जिन्याच्या बटणांनी दिवा विझत नाही. तासभर दार उघडं ठेवून माल भरायचा असेल, किंवा रात्री गाडीत झोपायचं असेल, तर हे एक बटण बंद केलं की दारांचा संबंध तुटतो आणि दिवे फक्त हाताने चालतात.

राहिली पुढची दोन दारं. त्यांची जुनी वायर पुढच्या दिव्याला जाते. ती सरळ तपकिरीला जोडली असती तर मागून दिवे लावले की पुढचा दिवाही लागला असता आणि दादाच्या काचेत पुन्हा प्रतिबिंब. इथे डायोड लागतो. डायोड म्हणजे करंटचा एकाच दिशेने उघडणारा दरवाजा. त्याच्या एका टोकाला पट्टा असतो. करंट बिनपट्ट्याच्या टोकातून आत शिरतो आणि पट्ट्याच्या टोकातून बाहेर पडतो. बिनपट्ट्याचं टोक तपकिरी वायरीला, पट्ट्याचं टोक पुढच्या दारांच्या जुन्या वायरीला. पुढचं दार उघडलं की मागच्या दिव्यांचा करंट डायोडमधून त्या बटणाला जाऊन बॉडीला मिळतो, सगळे दिवे लागतात. मागचं दार उघडलं किंवा जिन्याचं बटण दाबलं, तर पुढच्या दिव्याचा करंट डायोडमधून उलटा येऊ शकत नाही, पुढचा दिवा विझलेलाच राहतो. दार उघडं असल्याचा लाल दिवा किंवा बझर ज्या गाड्यांत याच बटणावर असतो, तिथेही हाच डायोड तो खोटा इशारा थांबवतो.

दुकानात बहुतेक वेळा चार हजार सात नंबरचा डायोड हातात देतात. तो एक अँपिअरचा. आमचा भार बरोबर तेवढाच होता, म्हणून मी तीन अँपिअरचा ५४०८ घेतला. काठावरचा माल गाडीत वापरू नये, छताच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी असते. डायोडमध्ये साधारण पाऊण व्होल्ट खर्च होतो, पण दिव्याच्या उजेडात तो फरक जाणवत नाही.

सामान घेताना

टॉगल बटण घेताना ‘ऑन-ऑन’ मागा. दिसायला अगदी तसंच ‘ऑन-ऑफ-ऑन’ मिळतं, त्यात मध्ये एक तिसरी बंद जागा असते आणि एक बटण त्या जागी अडकलं की दुसऱ्याने काहीच होत नाही. याहून जास्त फसवणारं बटण म्हणजे आत लाल दिवा असलेलं तीन पिनांचं रॉकर. तीन पिना बघून माणूस टू-वे समजतो, पण तिसरी पिन त्याच्या आतल्या दिव्याच्या मायनसची असते. दुकानातच मीटर लावून बघा: मधली पिन एका बाजूला एकीशी आणि दुसऱ्या बाजूला दुसरीशी वाजली पाहिजे.

वायर ऑटो वायरच घ्या, बारीक तारांची आणि मऊ. अर्धा चौरस मिलिमीटर जाडी एवढ्या भाराला भरपूर आहे, प्लससाठी मी एक चौरस मिलिमीटरची वापरली. घरगुती वायर कडक असते, थरथरीने तिच्या तारा थिंबलच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या तुकड्याच्या) तोंडाशी तुटतात. बाकी ब्लेड फ्यूजचा होल्डर, तीन अँपिअरचे जांभळे फ्यूज, गोल आणि चपटे थिंबल, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसून जोडावर घट्ट बसणारी नळी), रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायची कडी, म्हणजे वायर घासत नाही), कापडी टेप आणि थिंबल वायरीवर दाबून बसवायला चांगला क्रिम्पिंग पक्कड. काळी प्लॅस्टिक टेप जोडावर नकोच. आधीच्या मालकाने कुणाकडून तरी टेप लावून केलेलं काम मी छताखाली उघडलं, तेव्हा उन्हाने टेपचा गोंद वितळून बाजूला सरकला होता, तांबं हिरवं पडलं होतं आणि प्लसचा उघडा जोड पत्र्यापासून दोन बोटांवर लोंबत होता. त्यात फ्यूज नव्हता. माझी वहिनी त्याच छताखाली रोज बसायची, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

प्रत्यक्ष काम

बॅटरीचा मायनस आधी सोडवा. दहा नंबरचा पाना प्लसवर असताना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. मायनस आधी काढलेला असेल तर ती भीती नाही. जोडताना मायनस सगळ्यात शेवटी.

नवा प्लस बॅटरीवरून घेतला तर फ्यूज होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत बसवा. फ्यूज दिव्याला नाही, वायरीला वाचवतो, आणि फ्यूजच्या आधीचा तुकडा कुणीच वाचवत नाही. जुन्या केबिन लाइटच्या फ्यूजवरून प्लस घेता येतो, पण तोच फ्यूज पुष्कळदा घड्याळाला किंवा रेडिओच्या मेमरीला पण असतो. स्वतंत्र घेतलेला बरा.

वायर नेताना पायरीच्या आतल्या कडेने, मॅटच्या खालून, मग मागच्या खांबातून वर छताच्या अस्तरात. सीटच्या रुळांपासून दूर. पत्र्याच्या प्रत्येक भोकात ग्रोमेट. वीतवीत अंतरावर टेपने बांधलेली वायर खडखडत नाही आणि घासत नाही. छतात दिव्यासाठी भोक पाडण्याआधी ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खूण करा, म्हणजे बिट अस्तर ओलांडून वरच्या पत्र्याला लागणार नाही. तळाला भोक पाडायचं तर आधी गाडीखाली झोपून बघा, पेट्रोलची आणि ब्रेकची नळी कुठून गेली आहे ते.

सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर टाकी बहुधा मागेच असते. टाकीच्या व्हॉल्व्हजवळ बटण किंवा जोड ठेवू नका, प्रत्येक बटण उघडताना-मिटताना बारीक ठिणगी टाकतं. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न दाबता आधी दारं उघडायची, आणि दार उघडल्याने दाराचं बटणही चालू होतं हे लक्षात ठेवा. म्हणून अशा गाडीत मी सिलिंडरच्या बाजूच्या दाराला बटण लावणारच नाही.

मागचं बटण दारात न बसवता शेजारच्या चौकटीत बसवा. वर उघडणाऱ्या दारात वायर नेली की बिजागरापाशी ती रोज वाकते आणि वर्षा-दोन वर्षांत आतून तुटते. आमचं बटण उजव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर आहे. क्रेट कमरेवर टेकवून कोपराने दाबता येतं. ती जागा दादाला अंधारात उभं करून, डोळे मिटून हात कुठे जातो ते बघून ठरवली. बटणावर रबरी टोपी घातली, पाऊस मागूनच येतो.

अर्थ देताना घाई होते आणि पुढच्या सगळ्या तक्रारी तिथूनच येतात. रंगावर थिंबल कसून काही उपयोग नाही. बोल्टच्या भोवतीचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, गोल थिंबल बसवा, दातेरी वॉशर टाकून कसा आणि वरून ग्रीस लावा. मग मीटरने तिथून बॅटरीच्या मायनसच्या लगपर्यंत रोध बघा, मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा केला तर जवळपास शून्य यायला हवा.

दाराचं दाबाचं बटण बसवताना दार बंद झाल्यावर ते पुरतं आत जातंय ना ते मातीच्या गोळ्याने बघा. बटणावर मळलेल्या कणकेची किंवा मातीची गोळी ठेवून दार लावा आणि उघडून तिची जाडी बघा. गोळी जाड राहिली तर दार बटणापर्यंत पोचत नाही, तिथे रबराचा तुकडा चिकटवा.

जोड शक्यतो क्रिम्प करा. डाक दिलेला (सोल्डर केलेला) जोड मजबूत वाटतो, पण डाक जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. डायोडला डाक द्यावाच लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना स्लीव्ह चढवून तो वायरीच्या जुडग्यात घट्ट बांधा, लोंबता ठेवू नका.

भार जास्त असेल तर

कुणाला पूर्ण छताला एलईडीची पट्टी हवी असते. जाड पट्टी मीटरला चौदा-साडेचौदा वॉट खाते, पाच मीटरला सहा अँपिअर. दाराची छोटी बटणं यात जळतात. मग रिले घाला. रिलेच्या पिनांवर नंबर असतात. ८६ ला फ्यूजचा प्लस, ८५ ला आपली हिरवी वायर. ३० ला दुसऱ्या, मोठ्या फ्यूजचा प्लस, ८७ मधून पट्ट्यांचा प्लस, पट्ट्यांचा मायनस सरळ बॉडीला. सगळी बटणं आता फक्त रिलेची कॉइल ओढतात, तिला पाव अँपिअरही लागत नाही. कॉइल बंद होताना उलटा झटका देते, म्हणून ८५-८६ वर एक डायोड लावा, पट्टा ८६ कडे. इथे चार हजार सात नंबर पुरे. इंजिन चालू असताना गाडीत चौदा व्होल्टच्या पुढे मिळतात, त्यामुळे फक्त बारा व्होल्टसाठी बनवलेली स्वस्त पट्टी तापते आणि काही महिन्यांत तुकड्या-तुकड्याने विझते. गाडीसाठीचीच घ्या.

चालू करण्याआधी

पहिल्यांदा फ्यूज घालू नका. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. मग बॅटरी लावा. कुठे शॉर्ट असेल तर तो बल्ब लखलखीत पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, वायरी सुरक्षित राहतात. सगळं ठीक असेल तर बल्ब विझलेला, आणि दिवे लावल्यावर मंद. माझा पहिल्या वेळी लखलखला होता. मधल्या दिव्याच्या स्क्रूने लाल वायर चिरडली होती. फ्यूज घातला असता तर उडत राहिला असता आणि मी शोधत राहिलो असतो. इथे वायर एकेक हलवत गेलो आणि बल्ब विझला तिथे दोष सापडला.

मग फ्यूज घाला आणि कागदावर सगळ्या स्थिती तपासा. जिन्याची दोन्ही बटणं चारही जोड्यांत, दारांचं ते मधलं ऑन-ऑफ बटण चालू आणि बंद असताना, प्रत्येक दार वेगळं. शेवटी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून गाडीत ठेवा, सगळी दारं लावा. दारं बंद झाल्यावर आत खरंच अंधार होतो का ते बाहेरून सांगता येत नाही.

रात्रभर दिवे राहिले तर काय होतं याचाही हिशोब करा. दहा वॉटचे चार जुने बल्ब तीन अँपिअरच्या वर खातात, ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दहा तासांत जवळजवळ उतरते. आमचे एलईडी त्याच वेळात दहा अँपिअर-अवर घेतात, बॅटरी चांगली असेल तर गाडी सुरू होते. दारं बंद, सगळं बंद असताना मल्टिमीटर दहा अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या मायनसमध्ये घाला. काही मिलिअँपिअर दिसले तर घड्याळ, अर्धा-एक अँपिअर दिसला तर कुठलं तरी दार अजून उघडं आहे असं गाडीला वाटतंय. मीटर मध्ये असताना गाडी सुरू करायला जाऊ नका.

नंतर येणाऱ्या तक्रारी

बंद केल्यावर एलईडी अगदी मंद जळत राहिला, तर कुठून तरी थोडा करंट पाझरतोय. आतला दिवा असलेलं बटण किंवा गाडीचा संगणक हे नेहमीचं कारण. दिव्याला समांतर एक किलोओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर लावला की तो पाझर त्यातून जातो. दिवे एका दाराने लागतात आणि दुसऱ्याने नाही, तर त्या दाराच्या बटणाचा स्क्रू गंजलेला असतो. काढा, घासा, ग्रीस लावा. खड्ड्यात लुकलुकलं तर अर्थचा बोल्ट. जिन्याचं एक बटण ठरावीक स्थितीतच काम करत असेल तर मधली पिन आणि बाजूची पिन यांची अदलाबदल झाली आहे, निळी-पांढरीची नव्हे. निळी आणि पांढरी उलट लागली तरी काही बिघडत नाही.

वायरींचे रंग आणि त्यांची वाट मी एका कागदावर काढली. वहिनीने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या बाजूच्या सनव्हायझरमागे खोचलाय, फ्यूजचे दोन जांभळे तुकडेही त्याच पिशवीत आहेत.